बाक बसविणेबाबत

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मीराबाईंच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला, पडलेला खड्डा भरून यायची वाट पाहिली, आणि तो काही भरून येईना तेव्हा म्हणाले, "हृदय थकलंय. दर गुरुवारी इंजेक्शनला आणायचं. आणि बाईंना फार वेळ उभं ठेवायचं नाही."

वामनराव गुरनुल्यांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं: 'उभे ठेवू नये.' तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क. तोंडी आदेशाला ते आदेश मानत नसत. म्हणून त्या ओळीखाली त्यांनी डॉक्टरांची सही मागितली. डॉक्टरांनी दिली. बाहेर गर्दी होती, आणि सही नाकारण्यापेक्षा देण्यात वेळ कमी जात होता.

आता दवाखान्यात काही उभं राहावं लागत नसे. गाडीतही कोणी ना कोणी उठून जागा द्यायचं. अडचण होती ती मोहटोला फाट्याची. गावापासून अर्ध्या मैलावर, जंगलातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला गावचा रस्ता जिथे मिळतो तिथे एक कडुनिंब, लटारूचा पानठेला आणि एक लोखंडी बोर्ड एवढंच होतं. चंद्रपूरची गाडी साडेआठला येते असं बोर्डावर लिहिलं होतं, आणि बोर्डाच्या बाजूने सांगायचं तर तो स्वतः रोज वेळेवर हजर असायचा. गाडी कधी सव्वानऊला यायची, कधी दहाला. लटारूचा ठेला चार पायांवर उभी केलेली पेटी. तिच्यात लटारू स्वतःच घडी घालून बसायचा, तिथे दुसऱ्याला जागा कुठली? काळी-पिवळी जीप यायची, पण तिच्यात अठरा माणसं आणि दोन बकऱ्यांमध्ये मीराबाईंचा श्वास कोंडायचा.

जमिनीवर बसता येत होतं, उठता येत नव्हतं. पहिल्या गुरुवारी मीराबाई कडुनिंबाखाली खाली बसल्या, आणि गाडी आली तेव्हा दोन बाया, एक कंडक्टर आणि वामनराव अशा चौघांनी मिळून त्यांना उचललं. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मीराबाई मूल गाव येईपर्यंत रडत होत्या. दुखलं म्हणून नव्हे, सगळी गाडी खिडकीतून पाहत होती म्हणून.

दुसऱ्या गुरुवारी वामनरावांनी घरातली लाकडी खुर्ची सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने बांधली. पुढे सायकल ढकलणारे वामनराव, मध्ये आभाळाकडे पाय करून पडलेली खुर्ची, मागे पदर सावरत मीराबाई, अशी ही मिरवणूक गावातून निघाली. ग्रामपंचायतीची निवडणूक तेव्हा दीड महिन्यावर आली होती. दुपारपर्यंत गावाने पक्कं केलं की बडेबाबू उभे राहून राह्यले आणि त्यांची निशाणी खुर्ची आहे. (हेडक्लार्कला आमच्याकडे बडेबाबू म्हणतात. निवृत्तीनंतर पद जातं, हे नाव जात नाही.)

"रिटायर झाले, तरी खुर्ची सुटत नाई जी तुमची!" शेजारचे रामाजी ओट्यावरून ओरडले.

संध्याकाळी एक उमेदवार नारळ घेऊन त्यांची समजूत घालायला आला. आपण उभे नाही, आपली बायको उभी राहू शकत नाही, एवढीच गोष्ट आहे, हे वामनरावांनी त्याला तीनदा सांगितलं. तो जाताना म्हणाला, "समजलो. बाईले उभं नाई करनार. मंग पाठिंबा कोनाले?"

गाडी आली की खुर्ची लटारूच्या हवाली करावी लागे, आणि ती गेल्यावर दिवसभर तिच्यावर गावाचं राजकारण बसे. पाचव्या आठवड्यात एका रेतीच्या ट्रकच्या धिप्पाड क्लीनरखाली तिचा पाय मोडला. लटारूने ती दोन भागांत परत केली आणि दुःख व्यक्त करण्यासाठी एक पान फुकट दिलं.

आता सगळ्या गावाकडे सल्ला होता. रामाजी म्हणाले, मूलला शिमेंटची बेंच तयार भेटते, दोन बैल लावा, चार मानसं लावा, अर्ध्या घंट्याचं काम. लटारूचं म्हणणं त्याहून सोपं होतं.

"दाबून द्या ना जी बेंच त्या निंबाखाली. कोन विचारते तुमाले?"

"कोणी विचारत नाही, म्हणूनच आपण विचारायचं असतं," वामनराव म्हणाले.

हे वाक्य त्यांना फार आवडलं. घरी आल्यावर त्यांनी ते मीराबाईंना पुन्हा ऐकवलं. मीराबाई म्हणाल्या, "चांगलं हाय जी. पन लवकर विचारा."

त्या रात्री जेवणाआधीच त्यांनी अर्ज लिहिला. विषय: 'मोहटोला बसथांब्यावर स्वखर्चाने बाक बसविणेबाबत.' आता मोहटोल्यात बाक हा शब्द कोणी उच्चारल्याचं जुन्या माणसांनाही आठवत नव्हतं. इथे बेंच म्हणतात, नाहीतर फळी म्हणतात. नवीन ग्रामसेवक प्रफुल रामटेके हा शिकलेला मुलगा, पण तोही अर्ज वाचताना अडखळला.

"बाबूजी, बाक मंजे?"

"बेंच."

"मंग बेंचच लिहा ना."

"बेंच इंग्रजी आहे. कारभार मराठीतून करावा असं परिपत्रक आहे. मी स्वतः ते चार कचेऱ्यांना पाठवलंय." आणि त्यांनी 'बाक'खाली दोन रेघा ओढल्या.

राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच सोमारीबाई मडावी यांच्यासमोर अर्ज आला. सोमारीबाईंनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "एवढा मोठा कागद? बाईले बसाले पायजे ना? मंग बसाले द्या." इतिवृत्तात प्रफुलने 'सखोल चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर' असं लिहिलं. मोहटोल्यात एकमताने काही झाल्याची ही पहिलीच वेळ होती.

इथपर्यंत सगळं बारा दिवसांत झालं. वामनराव खूष होते. मग प्रफुलने नकाशा काढला.

बोर्डाखालची दोन फूट जागा बसवाल्यांची. रस्ता आणि रस्त्याकडेची नाली बांधकाम खात्याची. वरून जाणारी तार वीजवाल्यांची. आणि नालीच्या पलीकडे, जिथे कडुनिंब होता, ती जमीन सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' होती. त्या जागेवर झुडूप म्हणावं असं काहीच नव्हतं. बकरीने शेवटचं झुडूप खाल्ल्याला वीस वर्षं झाली होती, पण बकरीने कागद खाल्ला नव्हता. म्हणजे ती जमीन जंगल, म्हणजे वनखातं. पाच फुटांचा बाक ठेवला तर त्याचे पुढचे पाय बांधकाम खात्यात, मागचे पाय जंगलात, बसणाऱ्याचं डोकं विजेखाली आणि तोंड गाडीकडे अशी परिस्थिती येत होती.

"मंजे आता चार ठिकानची नाहरकत लागते," प्रफुल म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. त्याच्या आईचेही गुडघे गेले होते.

लोक उगाच म्हणतात की सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत. वामनरावांच्या बाकाबद्दल ती सात महिने बोलत होती. आणि कोणीही, हे लक्षात ठेवलं पाहिजे, कोणीही नाही म्हटलं नाही. वामनराव ज्या टेबलासमोर गेले तिथे त्यांना चहा मिळाला. बांधकामचे तरुण अभियंते तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, बाबूजी, माझ्या वडिलांसारखे आहात तुम्ही, काळजीच करू नका. चारही खात्यांची पत्रं आली. चारही पत्रांत एकच वाक्य होतं: 'इतर संबंधित विभागांची हरकत नसल्यास या विभागाची हरकत नाही.'

वामनरावांनी ती पत्रं शेजारी शेजारी मांडली आणि बराच वेळ पाहत बसले. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. ते कोणाला अडवत नव्हतं आणि कोणाला सोडतही नव्हतं. हेच वाक्य त्यांनी स्वतः एकतीस वर्षांत काही नाही तरी दोन हजार वेळा लिहिलं असेल. ते वाचायला कसं लागतं, हे मात्र त्यांना आज कळत होतं.

दर गुरुवारी मीराबाई निंबाला हात टेकून उभ्या राहात. आधी एका पायावर भार, मग दुसऱ्या. वामनराव शेजारी फाइल घेऊन उभे. त्यांनाही बसावंसं वाटे, पण ती उभी असताना बसणं बरं दिसलं नसतं.

पोळा झाला आणि एके दिवशी लटारूने कुठून तरी मोहाचा एक ओंडका लोटत आणला, निंबाखाली उभा केला, कुऱ्हाडीने वरचा भाग सपाट केला आणि त्यावर पोतं टाकलं. "बसा बाई," तो म्हणाला. मीराबाई बसल्या. पाय जमिनीला टेकले, पाठ निंबाला टेकली. हात न लावता त्यांनी उठून पाहिलं, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. लहान पोरीसारखं चार वेळा केलं. मग रस्त्याकडे पाहून म्हणाल्या, "आज उशिरा येऊ द्या जी गाडी."

दोन गुरुवार त्या ओंडक्यावर बसल्या. दुसऱ्या गुरुवारी तर लटारूच्या बायकोसाठी घरून लोणचं घेऊन आल्या होत्या.

तिसऱ्या गुरुवारी पाहणी ठरली होती. 'संयुक्त पाहणी' म्हणजे सगळ्या खात्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच जागी येऊन एकाच कागदावर सह्या करायच्या. ती झाली की चारही पत्रांतली गाठ एकदम सुटणार होती. वामनरावांनी आदल्या दिवशी जागेवर जाऊन नजर फिरवली, ती ओंडक्यावर येऊन थांबली. झुडपी जंगलाच्या जमिनीवर, विनापरवाना, मोहाचं लाकूड! वाहतूक पास नाही. त्यावर अर्जदाराची पत्नी दोन गुरुवार बसलेली. हे सरळ सरळ अतिक्रमण, आणि तेही अर्ज विचाराधीन असताना.

वनरक्षक जंगू आत्राम सायकल लावून पान खात होता. वामनरावांनी त्याला ओंडका दाखवला.

जंगूने रस्त्यापलीकडच्या सागाकडे पाहिलं. "कुठी?" तो म्हणाला.

"हा काय, समोर."

"मले तं काई दिसून नाई राह्यलं बाबूजी. तुमीबी नका पाहू."

पण वामनरावांना दिसत होतं. एकदा दिसलेली अनियमितता न पाहणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी लटारूला ओंडका हलवायला सांगितलं. लटारूने हातातलं पान खाली ठेवलं.

"अवो, बाई कायच्यावर बसन?"

"उद्या पाहणी झाली की आठ दिवसांत बाक येतो. आता थोडक्यासाठी फाइल खराब करायची नाही."

रात्री मीराबाईंना सांगितलं तेव्हा त्या पायाला तेल लावत होत्या. "पाहनी झाली की परत ठेवाल ना?" एवढंच त्यांनी विचारलं. वामनराव म्हणाले, "तोवर बाकच येईल." लटारूने ओंडका फोडून चुलीत घातला. मोहाचं लाकूड चांगलं जळतं.

पाहणी झाली नाही. अभियंत्यांच्या रस्त्यावर त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा निघाला. दुसऱ्या तारखेला वनखात्याची जीप दुसरीकडे गेली, तिसऱ्या तारखेला वादळाने तार पडली. चौथ्या तारखेला सगळे आले, पण वेगवेगळ्या वेळी. प्रत्येकाने रिकामा फाटा पाहिला, 'इतर विभाग गैरहजर' असा शेरा मारला आणि लटारूकडून पान घेऊन गेला. लटारूच्या मते इतकी चांगली पाहणी त्याने कधी पाहिली नव्हती.

पाचव्या तारखेला चूक व्हायला नको म्हणून वामनराव प्रफुलला घेऊन तालुक्याच्या एस.टी.डी. बूथवर गेले आणि त्याला चारही कचेऱ्यांना फोनवर निरोप द्यायला लावलं. तीन निरोप नीट गेले. चौथा वनखात्याच्या एका कचेरीत गेला. तिथे त्या दिवशी फोनवर जो बाबू होता तो बालाघाटकडचा, हिंदी बोलणारा. फोनमध्ये खरखर होती. प्रफुल ओरडत होता, "मोहटोला फाटा! बाक! बाक बसवणे! पाहणी गुरुवारी!"

तो 'बेंच' ओरडला असता तर काही झालं नसतं. पण त्या बाबूने वनखात्यात बारा वर्षं काढली होती, आणि बाक हा शब्द त्याच्या कानावर कधी आला नव्हता. बाघ मात्र रोज यायचा. त्याने कागदावर 'बाघ' लिहिलं. मग कारभार मराठीतून करावा, हे परिपत्रक त्याला आठवलं. त्याने 'बाघ' खोडून 'वाघ' केलं आणि वाक्य जुळेना म्हणून जरा दुरुस्त केलं: 'मोहटोला फाटा येथे वाघ बसलेला आहे. पाहणी गुरुवारी.'

गुरुवारी आठ वाजता फाट्यावर एक ट्रक, त्यावर पिंजरा, बारा माणसं, डफडी आणि फटाक्यांची पेटी आली. जंगू आत्राम पुढे झाला.

"बडेबाबू, वाघ कुठी हाय?"

"कुठला वाघ?"

"तुमीच तं अर्ज केला ना जी." आणि त्याने कागद दाखवला.

वामनरावांनी तो दोनदा वाचला. त्यांचे कान तांबडे झाले. निंबाला धरून उभ्या असलेल्या मीराबाईंनी कागद मागून घेतला, एकेक अक्षर लावून वाचला, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की धाप लागली. जंगूने फटाक्यांच्या पेटीवर सतरंजी टाकून त्यांना बसवलं.

"माह्यासाठी सात महिने कोनी आलं नाई," त्या श्वास सापडल्यावर म्हणाल्या. "वाघाचं नाव काढलं तं बारा मानसं. तुमी पयलेच वाघ लिहाचा होता जी."

वामनरावांनी त्याच दिवशी तालुक्याच्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन शुद्धिपत्रक दिलं: 'वाघ ऐवजी बाक असे वाचावे.' तिथल्या साहेबांनी ते सहानुभूतीने वाचलं. पण त्यांचीही बाजू होती. चार महिन्यांपूर्वी पलीकडच्या तालुक्यात खरोखरच वाघाने माणूस मारला होता, त्यामुळे कोणाला हसूही येईना. "बाबूजी," ते म्हणाले, "वाघ आहे हे कोणीही लिहू शकतं. वाघ नाही हे लिहायला अधिकार लागतो. तेहतीस दिवस निरीक्षण करावं लागेल."

आणि मग वामनरावांनी ते पाहिलं, जे एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना दिसलं नव्हतं. खाती एकत्र काम करू लागली. वनखात्याने सकाळी कळवलं, दुपारी ग्रामपंचायतीने दवंडी दिली, संध्याकाळी बांधकामवाल्यांनी 'सावधान! वाघाचा वावर' असा पिवळा बोर्ड गाडला. जागा कोणाची, हे कोणी विचारलं नाही. बोर्डाचा एक पाय जंगलात होता. दुसऱ्या दिवशी वीजवाल्यांनी खांबावर दिवा लावला. तिसऱ्या दिवशी बसवाल्यांनी प्रवाशांच्या सुरक्षेसाठी थांबाच हलवला, दोन किलोमीटर पुढे, वनखात्याच्या नाक्यावर. तीन दिवस. एकाही पत्रात 'हरकत नसल्यास' नव्हतं. लटारूने ठेला उचलून नाक्यावर नेला.

नाक्यावर जायला मीराबाईंना वामनरावांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. चालवायचं वय नव्हतं, म्हणून हँडल धरून ढकलत निघाले. जंगलातला रस्ता, दोन्हीकडे साग, एक चढ. चढावर वामनराव थांबले. मीराबाई उतरायला लागल्या.

"बसा, बसा," वामनराव धापा टाकत म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. बायकोला त्यांनी 'बसा' म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"बसलीच तं हाय. तुमी थकले."

"नाही. जरा शर्ट सारखा करतो."

"वाघ आला तं का करान?"

"सांगीन, इतर विभागांची हरकत नसल्यास खा."

मीराबाई पुन्हा हसल्या, आणि वामनरावांना बरं वाटलं. तेवढ्या चढावर, तेवढा वेळ, सगळंच बरं वाटलं.

असे दोन गुरुवार. तिसऱ्या गुरुवारी मीराबाई म्हणाल्या, "या बारीले राहू द्या. तुमची छाती भरते ढकलून ढकलून. वाघ गेला की जाऊ." चौथ्या गुरुवारी वामनरावांनी सायकल काढली, हवा भरली, आणि त्या म्हणाल्या, "पाच दिवसच तं राह्यले तेहतीसाले." वामनरावांनी डायरीत मोजून पाहिलं. बरोबर होतं, पाचच राहिले होते.

मंगळवारी सकाळी मीराबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वामनराव नळावरून पाणी घेऊन आले तेव्हा सूप मांडीवरच होतं, निवडलेले एकीकडे, राहिलेले एकीकडे, आणि मान भिंतीला टेकलेली.

लोक जमले. बाया म्हणाल्या, बसल्या जागी गेली बाई, पुण्यवान होती. हे एकीने म्हटलं, मग दुसरीने, मग जो येई तो म्हणे. बसल्या जागी गेली. वामनराव प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होते. भद्रावतीहून लेक माधवी आली, तिलाही कोणीतरी दारातच तेच सांगितलं. तेव्हा मात्र ते उठून आत गेले आणि कोनाड्याकडे तोंड करून उभे राहिले.

दुपारी प्रेत नदीच्या घाटावर नेताना फाट्यावर मागून एक जीप येऊन थांबली. तिच्यातून बांधकामचे अभियंते उतरले, वनखात्याचे साहेब उतरले, जंगू उतरला, बसचे वाहतूक नियंत्रक आणि विजेचे लाइनमनही उतरले. सात महिन्यांत फाइलीमुळे सगळ्यांनाच मीराबाई माहीत झाल्या होत्या. जीप एकच होती. कोणी कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. सोमारीबाईही आल्या होत्या. बाया घाटावर येत नाहीत, पण सरपंच येतो.

अग्नी दिल्यावर आमच्याकडे घाटावर शोकसभा होते. लोक रेतीत बसतात, चार जण उठून मेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. रामाजी बोलले, रडले, बसले. नियंत्रक म्हणाले, बाई आमच्या नियमित प्रवासी होत्या. मग अभियंते उठले. तरुण माणूस. "मीराबाईंच्या बाबतीत," ते म्हणाले, "मीराबाईंच्या बाबतीत आमच्या विभागाची... शेवटपर्यंत काहीही हरकत नव्हती." आणि आपण काय बोललो हे कळून खाली बसले. वनखात्याचे साहेब उठले, "आमचीही," म्हणाले आणि बसले. कोणी हसलं नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले.

परतीची वाट फाट्यावरूनच होती. जीप तिथेच लावलेली. ओल्या धोतरात वामनराव, मागे सगळे. निंबाखाली येऊन सगळेच थांबले, का थांबलो ते कोणाला सांगता आलं नसतं. पिवळा बोर्ड तसाच होता.

प्रफुलच्या खांद्याला झोळी होती, झोळीत फाइल होती. ती रोजच असायची. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मनातल्या मनात माणसं मोजली, आणि त्याचा चेहरा असा झाला की जंगूने त्याचा दंड धरला.

"काय रे?"

"काई नाई." मग राहवेना. "सगळे हायत. पयल्यांदाच सगळे हायत."

अभियंते म्हणाले, "अरे, आज? लाज वाटू दे." पण ते वामनरावांकडे पाहत होते. सगळेच पाहत होते.

"बाबूजी सांगतील तं अर्ज निकाली काढतो," प्रफुल कसाबसा म्हणाला. "आता कोनासाठी..."

सोमारीबाई मध्ये आल्या. "कोनासाठी मंजे? एकच बाई होती का गावात पाय दुखनारी? तुही माय कुठी बसते?" मग वामनरावांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी म्हनान तसं."

वामनरावांनी प्रफुलच्या झोळीकडे पाहिलं. धोतराचं पाणी टपकून पायाखाली ओल झाली होती.

"उरकून घ्या," ते म्हणाले. "पुन्हा सगळे एकत्र कधी याल?"

मग भराभर झालं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या झाल्या. वनखात्याच्या साहेबांनी वाघ नसल्याचंही तिथेच लिहून दिलं. नियंत्रक म्हणाले, उद्यापासून गाडी इथेच थांबेल. अभियंत्यांनी टेप काढली. लांबी पाच फूट, रुंदी दीड फूट, जंगूने दुसरं टोक धरलं. आणि उंचीचा रकाना आला.

"नमुन्यात पंधरा इंच आहे," अभियंते म्हणाले. "पंधराच लिहितो."

"पंधरा नको." वामनराव पुढे झाले. "पंधरावरून तिला उठता यायचं नाही."

"मग किती, बाबूजी?"

किती इंच, हे वामनरावांनी कधी मोजलं नव्हतं. अर्जात सगळं होतं, हे नव्हतं. ते निंबाखाली गेले, जरा वाकले आणि हवेत पालथा हात धरला. मग थोडा वर घेतला, जिथून ती हात न लावता उठायची.

"इथं."

अभियंते गुडघ्यावर बसले आणि जमिनीपासून त्यांच्या तळहातापर्यंत टेप लावली. "हात हलवू नका, बाबूजी," ते म्हणाले. अभियंत्यांनी दुसऱ्या हाताने बाबूजींचा हात खालून जरा धरला आणि आकडा वाचला. प्रफुलने लिहून घेतला.

टेप गुंडाळून झाली, फाइल झोळीत गेली, जीप सुरू झाली. वामनराव हात तसाच धरून उभे होते.